शीतकपाटस्थ कृष्णमण्याचा दोषविचार

कोणत्याही शास्त्रीय ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात असा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे. त्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. प्रस्तुत ग्रंथाचा विषय असा: वाइन कूलर नावाच्या, काचेच्या दाराच्या कपाटात मागच्या भिंतीला जाळीदार पांढऱ्या टोपणाआड बसवलेला, मंगळसूत्रातल्या मण्याएवढा एक काळा मणी. प्रयोजन, घरात शांतता. संबंध, कपाट आमच्या दिवाणखान्यात आहे एवढाच. राहिला अधिकारी. वेदान्ताला त्यासाठी शमदमादी गुणांनी संपन्न असा मुमुक्षू लागतो. या ग्रंथाला ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे आणि ज्याची बायको आठ दिवस माहेरी गेली आहे असा कोणीही चालेल. मीटर मी ३५० रुपयांना आणला. दुसरी अट आषाढात आपोआप जुळून आली.

हे कपाट आमच्याकडे कसं आलं ते ग्रंथमर्यादेबाहेरचं आहे, तरी सांगतो. आमचे साडू कॅनडाला कायमचे गेले तेव्हा त्यांनी फ्लॅट रिकामा केला. सोफा त्यांच्या भावाकडे गेला, वॉशिंग मशीन वॉचमनकडे गेलं, आणि वाइन कूलर कोणीच घेईना. "तुमच्याकडे राहू दे, नाशिकची चांगली वाइन ठेवत जा," असं म्हणून त्यांनी तो टेंपोत घालून पाठवला. सोबत एक लाल वाइनची बाटलीही दिली. कपाट १८ बाटल्यांचं. म्हणजे एक जागा भरलेली आणि १७ रिकाम्या.

रिकामी जागा आमच्या आईला बघवत नाही. पहिल्या आठवड्यात तिथे गुलकंदाची बरणी गेली, मग केशराची डबी, मग पाहुण्यांनी आणलेली चॉकलेटं, आणि उन्हाळा लागताच मोगऱ्याचे गजरे. या शेवटच्या बाबतीत आईचं निरीक्षण नोंदवण्यासारखं आहे. फ्रिजमध्ये मोगरा काळवंडतो, बाहेर दुपारपर्यंत मान टाकतो, पण "त्या काचेच्या कपाटात" तो दोन-तीन दिवस तोंड वर करून राहतो. कपाट १२ अंशांवर लावलेलं होतं. जे वाइनला मानवतं तेच मोगऱ्याला मानवतं, हा शोध माझ्या माहितीत आईच्या आधी कोणी लावलेला नाही.

या १२ अंशांचं मूळ तळघरात आहे. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरं आहेत. तिथलं तापमान उन्हाळा असो की हिवाळा, १२ अंशांच्या आसपास राहतं. अठराव्या शतकात लाव्हाझिएचा थर्मामीटर तिथे खाली नेऊन ठेवला गेला आणि माणसं वर्षानुवर्षं जाऊन त्याच्याकडे बघत आली. तो जागचा हलत नाही याचंच त्यांना कौतुक. खोल जमिनीचं तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ राहतं, त्यामागे याहून मोठं गूढ नाही. फ्रेंचांची सरासरी १२ च्या आसपास, म्हणून त्यांची वाइन तळघरात फुकट मुरली. पुण्याची सरासरी २५ च्या घरात. सोसायटीने परवानगी दिली असती आणि काळ्या कातळातून २८ मीटर खणलं असतं, तरी हाती २५ अंशच लागले असते. तेव्हा आपल्याला कॉम्प्रेसर आला, कॉम्प्रेसरला चालू-बंद हो म्हणणारा बोर्ड आला, आणि बोर्डाला आतली खबर देणारा मणी आला.

लक्षणे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मोगरा संपून जुईचे गजरे सुरू झाले होते तेव्हा, आईने सकाळी पूजेसाठी गजरा काढला आणि तो पुड्यातून काडीसारखा सरळ बाहेर आला. वाकेना. देवावर ठेवला तर टक् असा आवाज झाला. गुलकंद साखरेच्या बळावर गोठला नव्हता, पण त्यात घातलेला चमचा वाकला. साडूंच्या बाटलीचं बूच अर्धा बोट वर आलं होतं. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ती शून्याला दाद देत नाही. उणे ५-६ च्या पुढेमागे ती गोठायला लागते आणि गोठताना फुगते. बुचाने मान वर काढली याचा अर्थ रात्रीतून आत काय झालं होतं ते उघड आहे.

आणि कपाटाच्या कपाळावर निळ्या अक्षरांत शांतपणे लिहिलेलं होतं: १४.

न्यायशास्त्रात गौतमाने जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत संशयाला मानाचं पान आहे. संध्याकाळच्या अंधारात समोर दिसतं तो खांब की माणूस, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आमच्या दिवाणखान्यात सकाळी सात वाजता भरपूर उजेडात एकीकडे ताठ गजरा आणि दुसरीकडे १४, असा संशय उभा राहिला. गौतमाला अक्षपाद म्हणतात, त्याला पायांत डोळे होते अशी कथा आहे. आमच्या कपाटाला डोळा एकच, तोही पाठीत.

घरात लगेच दोन पक्ष पडले. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. ते म्हणाले, "डिस्प्ले चौदा दाखवतोय म्हणजे आत चौदाच आहे. गजरा आधीच तसा असेल."

आईने दार उघडलं, हात घातला, काढला. "बर्फ झालाय आत."

"अगं आजी, हाताला काय कळतं? डिस्प्ले बघ ना."

"डिस्प्लेला म्हणावं, जरा आत बसून बघ."

प्रत्यक्ष हे सर्व प्रमाणांत ज्येष्ठ मानलं जातं, आणि ही सभा आईने जिंकली हे मला मान्य आहे. पण ग्रंथकर्त्याला निःपक्षपाती राहावं लागतं. हात हे फार विश्वासाचं यंत्र नव्हे. कपाटातली लाकडी फळी आणि तिच्या पुढची स्टीलची पट्टी एकाच तापमानाला असतात, तरी पट्टी जास्त गार लागते, कारण ती हातातली ऊब भराभर ओढून घेते. हाताला तापमान कळतच नाही, ऊब किती वेगाने चालली आहे एवढं कळतं. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग गजरा का ताठ झाला?" इथे ग्रंथकर्त्याने विषय बदलला.

आप्तवाक्य

शास्त्रात आप्त म्हणजे ज्याला खरं माहीत असतं आणि जो ते जसंच्या तसं सांगतो असा माणूस. त्याचं बोलणं हे शब्दप्रमाण. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. या दोन अर्थांमध्ये किती अंतर पडू शकतं ते साडूंना फोन केल्यावर कळलं. "आमच्याकडे होता तोवर काहीच झालं नाही," असं सांगून त्यांनी बर्फ काढायच्या फावड्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

मग मेकॅनिक आला. त्याने कपाटाकडे बघितलं, मागे वाकला, कॉम्प्रेसरवर पालथा हात ठेवला आणि म्हणाला, "गॅस गेलाय साहेब."

'गॅस गेलाय' हे या क्षेत्रातलं महावाक्य आहे. ते कोणत्याही थंड करणाऱ्या यंत्राला, कोणत्याही अवस्थेत लागू पडतं. मी नम्रपणे म्हटलं, गॅस गेला असता तर कपाट गार झालं नसतं. इथे तर गजरा गोठलाय. त्याने क्षणभर विचार केला आणि जराही न डगमगता दुसऱ्या महावाक्यावर आला. "मग बोर्ड गेला." बोर्ड ४२०० रुपयांचा. आणि हे मॉडेल आता येत नाही, म्हणून तो मिळाला तर मिळाला.

न्यायशास्त्रात वादाचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायचं तो वाद, जिंकायचं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. मेकॅनिक वैतंडिक होता असा आरोप मी करणार नाही, कारण व्हिजिटचे ३०० रुपये हा त्याचा स्वतःचा सिद्धान्त होता आणि तो त्याने ठामपणे सिद्ध केला. पण कॉम्प्रेसर रात्रभर चालू का राहिला, या प्रश्नाकडे तो एकदाही वळला नाही. त्याला पाठीतला तो मणी दाखवला तेव्हा म्हणाला, "सेन्सर कधी जात नाही साहेब. त्यात जाण्यासारखं आहे काय?"

आहे. पुढचं प्रकरण त्यासाठीच.

मण्याचा स्वभाव

तार तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. हा मणी उलट्या वळणाचा आहे. तो तापला की सैल सोडतो आणि गारठला की अडवून धरतो. ही उलटी खोड प्रथम मायकेल फॅरेडेच्या लक्षात आली, १८३३ साली, सिल्व्हर सल्फाइडचा अभ्यास करताना. सिल्व्हर सल्फाइड म्हणजे दुसरं काही नाही, देवघरातल्या चांदीच्या निरांजनावर चढणारा काळा थर. आपल्याकडे तो पिढ्यानपिढ्या चिंच लावून घासून टाकला गेला. फॅरेडेने त्यातून वीज सोडून बघितली. तरी त्याची कामाची वस्तू व्हायला शतकभर गेलं. १९३० साली सॅम्युएल रूबेनने विकण्याजोगा थर्मिस्टर केला, आणि आता मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइडं भट्टीत भाजून, त्यावर इपॉक्सीचा काळा थेंब सोडून असे मणी ढिगाने निघतात.

उलट्या वळणाबद्दल मण्याला एकट्याला हसू नये. ज्या सेल्सियसच्या नावाने आपण अंश मोजतो त्याने १७४२ साली मांडलेल्या मापनपट्टीत पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला १०० होते. पुढे लोकांनी ती सुलटी केली. मण्याला अजून कोणी सुलटा केलेला नाही, कारण त्याची खोडच उपयोगाची आहे.

आमच्यासारख्या कपाटात नेहमी सापडतो तो '१० के'चा मणी. २५ अंशांना त्याचा रोध १० किलोओहम. तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा आकडा म्हणजे बीटा. ३९५० बीटाच्या मण्याचं गणित केलं तर १२ अंशांना तो १८ च्या थोडा वर जातो, पाच अंशांना २६ च्या आसपास, शून्याला ३३ च्या वर. बोर्डाला थंडी-ऊन काही कळत नाही. त्याच्याकडे एक कोष्टक असतं. मण्याचा रोध बघायचा, कोष्टकात समोरचा अंश शोधायचा, तो कपाळावर लिहायचा. म्हणजे कपाळावरचा आकडा ही बोर्डाने मण्याकडून ऐकलेली गोष्ट आहे. चिरंजीव ज्याला डिस्प्ले म्हणतात ते शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून सांगणं.

आता या मण्याला आजार कोणते होतात? तार तुटली तर रोध अनंत होतो. कोष्टकात त्याचा अर्थ भयंकर थंडी, मग कपाट गार करणंच सोडून देतं. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे कपाटात वणवा. हे दोन्ही आजार बरे, कारण थोडाफार शहाणा बोर्ड त्यांना ओळखतो आणि कपाळावर ई-१ किंवा तसलं काहीतरी लिहून मोकळा होतो. वाईट आजार तिसरा, दमटपणाचा. इपॉक्सीच्या थेंबाला केसाएवढी चीर पडते, पावसाळ्यात कपाटाचं दार दिवसातून दहा वेळा उघडतं, बाहेरची ओली हवा आत जाऊन मण्यावर दंव धरते, आणि त्या ओलीतून विजेला एक चोरवाट मिळते. मण्याचा मुख्य रस्ता थंडीने अडलेला असला तरी वीज बाजूच्या बोळातून निघून जाते. बोर्डाला एकूण वाहतूक दिसते, बोळ दिसत नाही. त्याला वाटतं, रस्ता मोकळा आहे, म्हणजे आत गरम आहे.

इथे मी कागदावर जे गणित केलं ते वाचकाने वगळलं तरी चालेल, पण माझा जीव त्यातच रमला. समजा चोरवाट साधारण २९ किलोओहमची आहे. आत उणे दोन अंश असताना निरोगी मणी ३७ दाखवेल. चोरवाट जोडली की दोघांचा मिळून साडेसोळाच्या आत येतो. कोष्टकात बघा: १४ अंश. आमच्या कपाळावरचा आकडा. आणि अशा मण्याच्या तोंडून '१२ झाले, आता पुरे' हे वाक्य यायला आत किती थंडी हवी? उणे सातच्या जवळपास. बिचारा कॉम्प्रेसर रात्रभर ते वाक्य ऐकण्यासाठी धावत होता, आणि वाटेत वाइनचा गोठणबिंदू लागला.

यातून आणखी एक नाजूक मुद्दा निघतो, आणि मेकॅनिक मंडळी तिथेच फसतात. हा मणी दिवाणखान्यातल्या २८ अंशांत तपासला तर पावणेनऊच्या जागी पावणेसात दाखवेल. माणूस म्हणतो, ठीक आहे, दोन इकडे-तिकडे. तोच शून्यावर तपासला तर ३३ च्या जागी साडेपंधरा. उबेत तो थोडंसं खोटं बोलतो आणि थंडीत धडधडीत. ज्या थंडीची साक्ष त्याच्याकडून हवी, नेमकी तिथेच तो फिरतो. सबब, सेन्सरची परीक्षा बर्फात घ्यावी.

दुहेरी कपाटवाल्यांसाठी

ज्यांच्या कपाटात वरचा आणि खालचा असे दोन वेगळे कप्पे आणि दोन सारखे मणी असतील त्यांना हे सगळं वाचायची गरज नव्हती. प्लग काढून वीज बंद करावी, बोर्डावरच्या दोन्ही मण्यांच्या पिना अदलाबदल कराव्यात. खोट मण्यासोबत दुसऱ्या कप्प्यात गेली तर मणी वाईट. जागच्या जागी राहिली तर बोर्ड वाईट.

पूर्वपक्ष

बर्फ करायला ठेवल्यावर चिरंजीवांनी आक्षेप घेतला, आणि तो बरा होता. ते म्हणाले, "आजीने गुलकंदाची बरणी नेमकी त्या टोपणाला टेकवलेली असते. बाहेरून आणलेली कोमट बरणी मण्याला चिकटली तर मणी गरमच म्हणणार. त्यात मण्याचा काय दोष?" शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने असा आक्षेप आनंदाने स्वीकारावा. बरणी खालच्या फळीवर नेली, टोपणासमोर वीतभर मोकळं ठेवलं, दोन तास थांबलो. कपाळावर १४. बरणी निर्दोष सुटली. आई मात्र दोन दिवस नातवाशी तुटक बोलत होती, कारण आरोप बरणीवर असला तरी रोख कुठे होता ते सगळ्यांना कळलं होतं.

परीक्षा

कपाटाचा प्लग काढला. मागच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले. मण्याची दोन काळ्या तारांची शेपटी एका पांढऱ्या खटक्याच्या कनेक्टरमधून बोर्डात शिरते. तो खटका नखाने उचलून ओढायचा, तारांना धरून ओढायचं नाही. मण्याला उलट-सुलट नसतं, मीटरची कुठलीही टोचणी कुठल्याही तारेला लावली तरी चालतं. एकच पथ्य: दोन्ही टोचण्यांची धातूची टोकं दोन हातांनी चिमटीत धरू नयेत. मी पहिल्यांदा तसंच केलं, आणि माझ्या अंगातून जाणारी वाटही मापात मिसळली. ओल्या मण्याला चोरवाटेबद्दल बोल लावणारा माणूस स्वतःच दुसरी चोरवाट होऊन बसला होता.

स्टीलच्या पातेल्यात बर्फाचा चुरा, तो बुडेल एवढंच पाणी, पाच मिनिटं ढवळणं. बर्फ आणि पाणी दोन्ही एकत्र आहेत तोवर ते मिश्रण शून्य अंशाला बसून राहतं. बर्फ संपला तर वर सरकेल, पण तोवर नाही. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा मिळणार नाही. मणी प्लास्टिकच्या बारीक पिशवीत घालून बुडवला. मीटर ११ वर होता, १२, १४, मग १५ वर रेंगाळला आणि साडेपंधराच्या जरा वर थांबला. मी आणखी दहा मिनिटं बघत राहिलो. ३३ च्या दिशेने तो गेलाच नाही.

गणित आणि पातेलं यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात एवढ्या वेळा पाहिलेलं नाही की त्याची सवय व्हावी. मी उठून चहा केला.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीत आता तपकीर शोधावी लागेल, पण रेझिस्टर, रिले, पंखे, वायरी हे सगळं तिथे दुकानाबाहेर लोंबत असतं. तिसऱ्या दुकानात मालकाने मणी हातात घेतला, नखाने खरवडला, आणि ग्रंथकर्त्याला प्रथमच खरा आप्त भेटला.

"दहा के की पाच के?"

"दहा."

"बीटा?"

मी गप्प. त्याने वर बघितलं.

"चौतीसशे पस्तीस का एकोणचाळीसशे पन्नास? चुकीचा घेतलात तर दीड-दोन अंशांचा फरक पडेल काका. तुमचं काम काय आहे?"

"गजरे," मी म्हणालो.

त्याने ३९५० चा दिला. जोडी ६० रुपयांना.

उपाधी

आता या ग्रंथातला सर्वांत महत्त्वाचा भाग.

घरी आल्यावर नवा मणी बसवण्याआधी त्यालाही बर्फात बुडवायचं ठरवलं. परीक्षेशिवाय कोणाला घरात घेऊ नये. पातेलं भरलं, ढवळलं, मणी पिशवीत घालून सोडला, आणि कनेक्टरच्या पिना घासायला हॉलमध्ये गेलो. परत येऊन मीटर लावला तर २० च्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात नुसता १, म्हणजे मापाबाहेर. २०० च्या पट्टीवर घेतला. ५८.

५८! जुना ३३ च्या खाली होता, हा ३३ च्या कितीतरी वर. कोष्टकाप्रमाणे हा मणी उणे दहा अंशांत बसलेला होता. बर्फ-पाण्यात उणे दहा होऊच शकत नाही. म्हणजे मणी खराब. दुसरा काढून बुडवला, तोही ५८ च्या आसपास. म्हणजे दोन्ही खराब, म्हणजे तपकीर गल्लीतला माझा एकुलता एक आप्त लबाड. मी पावती शोधू लागलो.

धूर दिसला की अग्नी असणार, हे अनुमान खरं. पण अग्नी दिसला की धूर असणार, हे खरं नाही. त्यासाठी लाकूड ओलं असावं लागतं. या लपून बसलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. ती ओळखली नाही तर शहाण्या माणसाचं अनुमानही आडवं होतं. बर्फ-पाणी म्हणजे शून्य अंश, या माझ्या अनुमानातही एक उपाधी दडून बसली होती. ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून हात पुसत होती.

"आई, या पातेल्याला हात लावलास?"

"हात कशाला लावू? मूठभर खडेमीठ टाकलं. दोन दिवस बघतेय, बर्फ घेऊन बसतोस आणि तासतासभर ढवळतोस. पॉटचं आइस्क्रीम करायचो तेव्हा मिठाशिवाय कधी जमलं का? मीठ घातलं की झटकन गार होतं."

तिचं शास्त्र बिनचूक होतं. मीठ घातलं की बर्फ आणखी भराभर वितळतो, वितळण्यासाठी लागणारी ऊब आसपासच्या पाण्यातूनच ओढतो, आणि सगळं मिश्रण शून्याखाली घसरतं. मिठाचं प्रमाण नेमकं साधलं तर थेट उणे २१ पर्यंत. लाकडी पॉटचं हँडल फिरवून आमच्या पिढीने ज्या आमरसाचं आइस्क्रीम केलं त्याच्या बाहेर हेच चालू असायचं. आईच्या मुठीने उणे दहा गाठलं होतं, आणि दोन्ही नव्या मण्यांनी ते अगदी खरं सांगितलं होतं. चिरंजीवांना मी मोबाईलवर कोष्टक काढून दाखवलं. आजीची मूठ आणि ५८ चा आकडा यांचा मेळ त्यांनी तीनदा तपासला आणि म्हणाले, "म्हणजे सेन्सर बरोबर, आजी बरोबर, आणि बाबा…" पुढचं त्यांनी न बोलता सोडलं.

बिनमिठाच्या पातेल्यात नवा मणी ३३.४ वर थांबला. टोपणाआड बसवला, तार जिथे भिंतीतून आत शिरते तिथे बाहेरची ओल झिरपू नये म्हणून जुनी पुट्टी खरवडून नवी भरली, स्क्रू लावले. कपाट चालू केल्यावर ते २७ म्हणालं, तासाभराने १९, संध्याकाळी १२. रात्री बऱ्याच दिवसांनी कॉम्प्रेसर थांबलेला ऐकू आला. सौभाग्यवती माहेरून आल्यावर बुचाबद्दल एकच प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर साडूंवर ढकलण्यात आलं.

जुना मणी मी टाकला नाही. तो फक्त ओला आहे, वाळला तर चोरवाट बंद होईल, असा माझा तर्क होता. त्यासाठी त्याला शेपटीसकट तांदळाच्या डब्यात पुरला आणि विसरलो. महिन्याभराने आठवण झाली तेव्हा डब्याच्या झाकणाखालून दोन काळ्या तारा नीट बाहेर काढून, डब्याच्या कानाला दोऱ्याने बांधून ठेवलेल्या दिसल्या. मी त्या सोडवायला लागलो.

"राहू दे ते," आई म्हणाली. "तू लावलंस तेव्हापासून तांदळात एक पोरकिडा नाही झालेला. आता असंच एक डाळीला आण."